टूलबॉक्सच्या ड्रॉवरमध्ये काय अंथरावं? सातारा जिल्ह्यातल्या नव्या मेकॅनिकसाठी

मेढ्याच्या गॅरेजमध्ये जे अस्तर उत्तम टिकतं, ते म्हसवडच्या गॅरेजमध्ये चालेलच असं नाही. जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि माणात जेमतेम पाचशेच्या आतबाहेर. एकीकडे हत्यारांना ओल खाते, दुसरीकडे धूळ. म्हणून ‘सगळ्यात भारी मटेरियल कोणतं’ असं दुकानदाराला विचारण्याआधी आपल्या ड्रॉवरमध्ये रोज काय सांडतं आणि काय साचतं, ते बघावं. अस्तर त्यावरून ठरतं.

आयटीआय करून नुकतंच स्वतःचं काम सुरू केलेल्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. पहिली टूल ट्रॉली हप्त्यावर घेतलेली असते, पाने-गोट्या (गोट्या म्हणजे सॉकेट) एकेक करून जमवलेल्या असतात. त्या सामानाला जपायचं असेल तर तळाला काय अंथरायचं हे सुरुवातीलाच नीट ठरवलेलं बरं.

अस्तराची कामं तशी थोडीच. ड्रॉवर ओढला-लोटला तरी हत्यार जागचं हलू नये. तळाच्या पत्र्याचा रंग खरवडला जाऊ नये, कारण रंग गेला की पत्रा गंजतो आणि तोच गंज पुढे पान्याला लागतो. धार आणि मोजमापाच्या कडा शाबूत राहाव्यात. आणि शेवटचं काम बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: अस्तराने स्वतः गंज आणू नये. बाजारात दिसायला सुंदर असलेली काही अस्तरं नेमकी इथेच नापास होतात.

पायरी १: ड्रॉवर रिकामा करा आणि तळ बघा

आहे ती पेटी आधी पूर्ण रिकामी करा. तळाला काय साचलंय ते बोटाने घासून पाहा. काळं चिकट तेल असेल तर तुमचं काम इंजिन-गिअरबॉक्सचं आहे, अस्तर तेलाला दाद न देणारं हवं. लोखंडाचा कीस आणि चिप असतील तर काम फिटिंगचं, लेथजवळचं. तिथे मऊ फोममध्ये कीस रुतून बसतो आणि पुढे तोच कीस व्हर्नियरच्या (मोजमापाच्या कॅलिपरच्या) जबड्यांना चरे पाडतो. ट्रॅक्टर, पॉवर टिलरचं काम करणाऱ्यांच्या ड्रॉवरमध्ये तेल आणि माती एकत्र होऊन पॉलिश पेस्टसारखा खरखरीत लगदा झालेला असतो. आणि तळ कोरडा दिसतोय, पण कोपऱ्यांत, रिव्हेटच्या डोक्यांभोवती तांबूस कडं धरलंय, तर तुमचा शत्रू ओल आहे.

मग तळ केरोसीन किंवा डिझेलने पुसून घ्या, कोरड्या कॉटन वेस्टने घासा. गंजाचे ठिपके पॉलिश पेपरने काढा आणि रंगाचा एक हात मारा. रंग पूर्ण वाळू द्या, चांगला दिवसभर. ओल्या रंगावर कुठलंही अस्तर टाकलं की ते कायमचं चिकटतं.

पायरी २: आपली हवा ओळखा

लोखंडाला गंज धरायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. पावसाळ्यात जावळी, पाटण, कोयनानगर, महाबळेश्वर या पट्ट्यात आठवडेच्या आठवडे आर्द्रता त्याच्या कितीतरी वर असते. त्यात पत्र्याचं शेड. रात्री ट्रॉली आणि आतलं लोखंड गार पडतं, सकाळी शटर उघडलं की दमट हवा आत येते आणि गार पान्यावर दव धरतं. हे दव डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं तर जाणवतं. पाना सपाट, गुळगुळीत शीटवर पडलेला असेल तर वरची बाजू वाऱ्याने सुकते, खालची सुकत नाही. आठ-पंधरा दिवस न वापरलेला २४-२७ चा पाना उचलला की खालच्या बाजूला त्याच्याच आकाराची गंजाची रेघ दिसते ती यामुळे. अशा भागात हत्याराखालून वारा खेळेल असं अस्तर हवं.

माण, खटाव, फलटणच्या बाजूला गणित उलटं. गॅरेज रस्त्यालगत, रस्ता धुळीचा, आणि मार्च ते मे ऊन कडक. तिथे ओलीची काळजी थोडे दिवसच करायची. बाकी वर्षभर धूळ. तिथे फडक्याच्या एका हाताने साफ होईल असं सपाट तोंडाचं अस्तर बरं. शिवाय उन्हात तापलेल्या शेडमध्ये, किंवा पिकअपच्या मागे ठेवलेल्या पेटीत, उष्णतेने मऊ पडणारं मटेरियल टिकत नाही.

सातारा शहर, कोरेगाव, वाई, कराड हा मधला पट्टा. चार महिने दमट, आठ महिने कोरडे. इथल्यांना निवडीला वाव जास्त, पण पावसाळ्यातली निगा चुकवून चालत नाही. ती शेवटी सांगतो.

पायरी ३: बाजारात काय मिळतं, आणि त्यातलं काय घ्यावं

ईव्हीए फोम. योगा मॅट, चपलेचा सोल, लहान मुलांच्या कोड्यासारख्या जोडायच्या मॅट, यांतल्या बऱ्याचशा याच जातीच्या. आतले बुडबुडे एकमेकांपासून बंद असतात, त्यामुळे हा फोम पाणी शोषत नाही. वजनाला फुलासारखा, कटरने सहज कापला जातो, हत्यार घसरत नाही. तेलाचे थेंब पुसले तर काही होत नाही, पण पेट्रोल किंवा थिनर सांडलं तर फुगतो आणि कडा वळतात. उष्णतेत मऊ पडतो. तापलेल्या पेटीत जड गोट्यांचे खोल ठसे उठतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. माझ्या मते नवख्याने पहिलं अस्तर ईव्हीएचंच घ्यावं, फक्त घट्ट जातीचं. अंगठ्याचं नख रोवून बघा. खूण लगेच भरून आली तर माल चांगला. नख आत जाऊन खड्डा तसाच राहिला तर तो शाळेतल्या हस्तकलेचा फोम, ड्रॉवरसाठी नको.

पॉलिथिन फोम. यात दोन प्रकार. पांढरा, टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून येणारा पॅकिंगचा फोम स्वस्त किंवा फुकट मिळतो, पण आठवड्याभरात चेपून कागद होतो. तो सोडा. दुसरा घट्ट, क्रॉसलिंक केलेला. हा काळा किंवा दोन रंगांचा मिळतो, तेल-रसायनांना सहसा दाद देत नाही आणि हत्याराच्या आकाराच्या खाचा कापायला तोच योग्य. साध्या तळासाठी मात्र ईव्हीएपेक्षा महाग पडतो.

जाळीची मॅट. किचनच्या ड्रॉवरमध्ये, कपाटात घालतात ती. आत धाग्याची जाळी, वरून पीव्हीसीचा फुगीर थर. आपल्या पश्चिम पट्ट्यासाठी तिचा मोठा गुण म्हणजे हत्यार जाळीच्या टेकाडांवर बसतं, खालून हवा जाते, आणि कीस-कचरा भोकांतून खाली पडतो. महिन्याने मॅट उचलून झटकली की झालं. पण पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि प्लॅस्टिकला चिकटतं. डिसमिसची पारदर्शक पिवळी-लाल मूठ अशा मॅटवर उन्हाळाभर पडून राहिली तर मुठीवर जाळीचे चौकोन उमटतात आणि हाताला चिकट लागतात. ॲक्रिलिकची पट्टी, व्हर्नियरची प्लॅस्टिकची डबी यांनाही तोच त्रास. पान्यांखाली जाळी घाला, प्लॅस्टिकच्या वस्तूंखाली नको. स्वस्तातल्या मॅटला नाकाला झोंबणारा वास येतो. तसा वास आला तर ती घेऊच नका.

नायट्राइल रबर. ऑइल सीलच्या आणि ओ-रिंगच्या जातीचं रबर. इंजिन ऑइल, डिझेल, ग्रीस, कशालाही फारसं जुमानत नाही. ज्यांचा ड्रॉवर रोज तेलात न्हातो त्यांनी पैसे इथे घालावेत. दुकानात ‘ऑइल रेझिस्टंट’ किंवा ‘नायट्राइल शीट’ म्हणून मागा, नुसतं ‘रबर शीट’ म्हणालात तर साधं रबर हातात पडतं. साधं रबर तेलाने फुगतं, लाटा येतात, आणि मग ड्रॉवर बंद होताना अडकतो. वजनाचाही विचार करा. ६० बाय ४० सेंटिमीटरच्या एका ड्रॉवरला ३ मिलिमीटर जाडीचं रबर घातलं तर साधारण एक किलो होतं. सात ड्रॉवर म्हणजे सात किलो, तेही हत्यारांचं वजन सोडून. तेवढ्याच मापाचा ईव्हीए शंभर ग्रॅमच्या आसपास येतो. स्वस्त ट्रॉलीचे ड्रॉवर पातळ स्लाइडवर चालतात, त्यांना सरसकट रबर घालू नका.

रबराबद्दल आणखी एक. रबर पक्कं करायला गंधक वापरतात. ते पितळ, तांबं, चांदी यांना काळवंडतं. पितळी पंच काळा पडला तर बिघडत नाही, पण रिले-कॉन्टॅक्टरचे चांदीचे पॉइंट, तांब्याचे लग असलं सामान रबरावर उघडं ठेवू नये.

कॉर्क. गॅस्केटच्या दुकानात कॉर्क शीट मिळते. मोजमापाच्या हत्यारांखाली ती छान बसते, मऊ असते, चरे पडत नाहीत. मात्र ती थोडी ओल धरते आणि कडेने तुटते. रबर मिसळलेली कॉर्क शीट जास्त टिकते. फलटण-दहिवडीला चालेल, मेढा-पाटणला नको.

आता जे घालतात पण घालू नये ते. फेल्ट, कार्पेटचे तुकडे, जुनी सतरंजी, गोणपाट: हे सगळं हवेतली ओल पितं आणि हत्याराला लावून ठेवतं. वर कीस असा रुततो की झटकून निघत नाही. खटावसारख्या कोरड्या भागात फेल्ट काही महिने बरा दिसतो, पण तेल पडलं की कायमचा मळतो. गादीचा स्पंज तर अजिबात नको. पाणी शोषतोच, शिवाय दमट हवेत काही वर्षांनी त्याचा चिकट चुरा होतो. जुन्या मायक्रोमीटरच्या डबीत तळाला पिवळा चिकट भुगा दिसतो, तो हाच.

ट्रॅक्टरची किंवा ट्रकची फाटलेली ट्यूब कापून ड्रॉवरला घालणारे पुष्कळ. फुकटात मिळते, घसरत नाही, म्हणून मोह होतो. पण या ट्यूब बहुतेक ब्युटाइल रबराच्या असतात, आणि ब्युटाइल हवा धरून ठेवायला उत्तम असलं तरी खनिज तेलाने फुगतं. कोरड्या कामाला, म्हणजे सुताराच्या किंवा वायरमनच्या पेटीला, ती चालेल. इंजिनच्या कामाला नाही. जुना फ्लेक्स बॅनरही लोक घालतात. तेल पुसलं जातं हे खरं, पण हत्यारं त्यावर बर्फावर सरकावी तशी सरकतात. घालायचाच तर वरच्या अस्तराखाली, पत्र्याचा रंग वाचवायला घाला.

दोन टाकाऊ गोष्टी मात्र मनापासून सुचवतो. साखर कारखान्याच्या भंगारात येणारे कन्व्हेयर बेल्टचे तुकडे, आणि गोठ्यात जनावरांखाली घालायच्या जाड मॅटचे उरलेले काप. घण, पाइप पाना, पुलर, टॉमी ठेवायच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरला हे दोन्ही झकास. तिथे नाजूक फोम दोन महिन्यांत फाटतो. बेल्ट कापल्यावर कडेला आतलं कापड उघडं पडतं, त्यातून पाणी आत शिरतं, म्हणून कडेला रबर सोल्यूशनचा एक हात मारून सुकवा.

पायरी ४: वीतभर तुकडा आणा आणि घरी तपासा

साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या आसपासच्या दुकानांत असो की तुमच्या गावच्या हार्डवेअरवाल्याकडे, पूर्ण रोल घेण्याआधी वीतभर तुकडा मागा. ओळखीचा दुकानदार देतो, नाहीतर दहा-वीस रुपये द्या आणि घ्या. त्याचे चार काप करा.

पहिला काप तेलासाठी. व्हर्नियरने त्याची जाडी मोजून लिहून ठेवा. एका टोकाला जुन्या इंजिन ऑइलचे चार थेंब टाका, दुसऱ्या टोकाला तुम्ही हत्यारं धुवायला जे वापरता ते, डिझेल किंवा पेट्रोल. पेट्रोल असेल तर हे काम उघड्यावर, विडी-काडीपासून लांब. दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा मोजा. ३ मिलिमीटरचं साडेतीन झालं असेल, कड वळली असेल किंवा पृष्ठभाग चिकट झाला असेल तर ते मटेरियल तुमच्या कामाचं नाही. पुसल्यावर जसंच्या तसं निघालं तर पास.

दुसरा काप ओलीसाठी. पश्चिमेकडच्यांनी ही परीक्षा टाळू नये. काप पाण्यात बुडवा, मुठीत पिळा. पाणी निथळून आलं म्हणजे आतले बुडबुडे उघडे आहेत, तो स्पंज आहे, बाद. पाणी आलं नाही तर काप पुसून घ्या. मग लोखंडाची एखादी पट्टी पॉलिश पेपरने लखलखीत घासा, तेलबोट लावू नका, आणि घासलेली बाजू खाली करून त्या कापावर ठेवून द्या. शेजारी तशीच पट्टी दुसऱ्या मटेरियलवर. दोन्ही एका झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि डब्यात ओलं फडकं टाका. दोन दिवसांनी पट्ट्या उलट्या करून बघा. कुठल्या अस्तरावर गंज जास्त आणि कुठल्यावर कमी, हे कुणाला विचारायची गरज उरत नाही. जाळीवरच्या पट्टीला गंज ठिपक्यांत येतो, सपाट फोमवरच्या पट्टीला अख्ख्या पट्ट्यात. फेल्टवरची पट्टी बघितली की फेल्टचा विचार डोक्यातून जातो.

तिसरा काप पांढऱ्या फडक्यावर जोरात घासा. काळं उमटलं तर ते टाकाऊ रबराचा भुगा दाबून केलेलं आहे. रोज हात आणि हत्यारं काळी होतील. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या गाडीच्या दारावर काळं बोट उमटलं तर ते पुसत बसावं लागतं.

चौथा काप फळीवर ठेवा, त्यावर एक पाना ठेवा आणि फळी हळूहळू तिरकी करा. पाना केव्हा घसरतो ते बघा. मग कापावर बोटभर तेल लावून पुन्हा तेच करा. कोरडं असताना चांगलं धरणारी काही मटेरियलं तेल लागताच पाना सोडून देतात. ड्रॉवर तेलकटच असतो, तेव्हा दुसरी चाचणी महत्त्वाची.

पायरी ५: जाडी

पाने-डिसमिस यांना २ ते ३ मिलिमीटर पुष्कळ. जड सामानाच्या ड्रॉवरला ५-६. वरचे ड्रॉवर उथळ असतात, तिथे जाड अस्तर घातलं तर रॅचेटचं डोकं वरच्या ड्रॉवरच्या तळाला घासतं. सगळ्यात उंच हत्यार ठेवून वर किती जागा उरते ते आधी मोजा. जाड म्हणजे चांगलं, असं नसतं. जाड आणि मऊ फोमवर छोट्या गोट्या कलंडतात.

पायरी ६: ड्रॉवरगणिक निवड

सगळ्या ड्रॉवरना एकच अस्तर घातलं तर दिसायला छान, पण कामाला तसं नसतं. मी असं सुचवेन.

रिंग पाने, डी पाने, गोट्या: सातारा-कराड पट्ट्यात घट्ट ईव्हीए, जावळी-पाटण-महाबळेश्वरकडे जाळी किंवा रेघांची रबर शीट, रेघा वर करून. पाने रेघांना आडवे ठेवायचे, म्हणजे खालून हवा राहते. माण-खटावला सपाट नायट्राइल, किंवा पेटी उन्हात तापत नसेल तर सपाट ईव्हीए.

डिसमिस, पक्कड, वायरमनची हत्यारं: ईव्हीए. जाळी नको, कारण वर सांगितलं. इथे एक ताकीद. अस्तर रबराचं असलं म्हणून ते विजेपासून वाचवत नाही. विजेच्या पॅनलसमोर पायाखाली घालायच्या इन्सुलेटिंग मॅटसाठी आयएस १५६५२ हे वेगळं भारतीय मानक आहे. तशी मॅट कापून ड्रॉवरला घातली तर चालेल, पण ड्रॉवरचं अस्तर काढून पॅनलसमोर टाकू नका.

कानस, छिन्नी, ड्रिल बिट, टॅप: यांना फोम पुरत नाही, कापला जातो. आणि कानशी एकमेकींवर घासल्या की दाते मरतात. लाकडी पट्टीत खाचा पाडून त्यात एकेक कानस उभी-आडवी वेगळी ठेवा, पट्टीखाली साधी रबर शीट. टॅप-ड्रिलसाठी भोकं पाडलेला लाकडी ठोकळा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला.

व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल: स्वतःच्या डबीत, डबी ईव्हीएवर. मायक्रोमीटर ठेवताना दोन्ही तोंडं एकमेकांना टेकवू नका, थोडी फट ठेवा, आणि पातळ तेलाचा हात द्या. डबीत स्पंज असेल तर तो काढून पॉलिथिन फोम घाला.

मोबाइल, ईसीएमचे (गाडीचं इंजिन चालवणाऱ्या कंट्रोलरचे) बोर्ड दुरुस्त करणाऱ्यांनी साधा फोम वापरू नये, त्यावर स्थिर वीज साचते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अँटिस्टॅटिक फोम किंवा मॅट मिळते, तीच घ्यावी.

पायरी ७: माप घेणं, कापणं, बसवणं

ड्रॉवरचं माप बाहेरून घेऊ नका. आत तळाशी, पुढे, मध्ये आणि मागे असं तीन ठिकाणी रुंदी मोजा. वाकवलेल्या पत्र्याचे ड्रॉवर क्वचितच काटकोनात असतात. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद तळावर अंथरून कोपरे बोटाने दाबत कापून घेतला की अचूक साचा मिळतो. तो शीटवर ठेवून पेनाने रेघ मारा आणि प्रत्येक बाजूने २ मिलिमीटर कमी कापा. घट्ट बसवलेलं अस्तर उन्हाळ्यात फुगून मध्ये उठतं.

कापायला नवं पातं लावलेला कटर, खाली प्लायवूड, बाजूला स्टीलची पट्टी. एका दमात आरपार कापायला जाऊ नका. पहिला हात हलका, नुसती रेघ पाडायची, मग दोन-तीन हातांत तुकडा सुटतो. एकदम जोर लावला की कटर तिरका होतो, फोमची वरची कड सरळ दिसते आणि खालची तिरपी निघते. रबराला पात्यावर साबणाच्या पाण्याचा हात लावला तर ते गुळगुळीत कापलं जातं. कात्रीने कापलेल्या कडा नागमोडी येतात.

रोलमधून काढलेली शीट टोकांना वळलेली असते. उलटी गुंडाळून अर्धा तास ठेवा, मग सपाट फरशीवर पसरून वर पुस्तकं किंवा विटा ठेवा. घाईने उन्हात टाकू नका, ईव्हीए वाकडा होतो.

चिकटवायचं का? नाही. सोल्यूशनने किंवा डबल टेपने चिकटवलेल्या अस्तराखाली पाणी-तेल शिरलं की ते बाहेर काढता येत नाही, आणि पत्रा आतून सडतो. अस्तर सुटं असावं, एका हाताने उचलता यावं. पिकअपमधली पेटी हादरत असेल तर चार कोपऱ्यांत टेपचे नखाएवढे तुकडे बास.

पायरी ८: हत्याराच्या आकाराच्या खाचा, पण घाई नको

दोन रंगांच्या फोममध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापली की एक पाना गायब असला तरी खालचा रंग ओरडून सांगतो. संध्याकाळी ट्रॉली बंद करताना नजर फिरवली की कळतं, गोटी इंजिनच्या खोबणीत तर राहिली नाही ना. शिरवळच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात फाइव्ह-एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) पाळतात तिथे हे पाहिलं असेल. पद्धत उत्तम आहे. पण नवख्याने पहिल्या वर्षी यात पडू नये. हत्यारं अजून वाढायची असतात, कुठलं हत्यार कुठे हाताशी हवं हे कामातून ठरत जातं. दोनदा फोम कापून वाया घालवण्यापेक्षा वर्षभर साध्या अस्तरावर काम करा. खाचा पाडाल तेव्हा ३० मिलिमीटरचा घट्ट पॉलिथिन फोम घ्या, आणि बोट घालून हत्यार उचलता येईल अशी अर्धगोल जागा प्रत्येक खाचेला ठेवा. घाटाकडच्यांनी लक्षात ठेवा, खोल खाच म्हणजे दव साचायची जागा. तिथे हत्यार तेलबोट लावूनच ठेवायचं.

पायरी ९: पावसाळ्याची निगा

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस बसायच्या आधी, सगळे ड्रॉवर एकदा रिकामे करा. अस्तर उचला. पाणी न पिणाऱ्या फोमखाली पाणी साचून राहतं, वरून अस्तर कोरडं दिसतं आणि खाली पत्रा लाल होत असतो, म्हणून खालची बाजू बघणं जास्त गरजेचं. तळ पुसा, पातळ तेलाचा हात द्या, अस्तर कोरडं करून परत घाला.

पाऊस सुरू असताना दर पंधरा दिवसांनी हेच, महाबळेश्वर-कोयनेकडे दर आठवड्याला. ईव्हीए आणि रबर साबणाच्या पाण्याने धुता येतं, पण पंख्याखाली पूर्ण सुकल्याशिवाय परत घालू नका. ओल्या हाताने पाना ठेवण्याची सवय मोडा. घामात मीठ असतं, बोटांचे ठसे जिथे, तिथेच गंज आधी उठतो. घरी जाताना हत्यारांवरून तेलाच्या फडक्याचा एक हात, एवढं केलं तर साधं अस्तरही खूप वर्षं चांगलं वाटतं.

क्वचित वापराच्या हत्यारांच्या ड्रॉवरमध्ये, जसं की बेअरिंग पुलरचा सेट किंवा वर्षातून दोनदा लागणारे मोठे पाने, व्हीसीआय कागद टाकता येतो. या कागदातून निघणारी वाफ लोखंडावर अदृश्य थर धरते आणि गंज अडवते. ड्रॉवर बंद राहिला तरच तिचा उपयोग. दिवसातून वीस वेळा उघडणाऱ्या ड्रॉवरमध्ये कागद वाया जातो. पितळ-तांब्याचं सामान असेल तर पाकिटावर ते चालेल असं लिहिलंय का ते वाचा. सिलिका जेलच्या पुड्यांनाही हेच लागू: बंद डबीत कामाच्या, उघड्या ट्रॉलीत नाही.

अस्तर बदलायची वेळ कशी ओळखायची? ठसे भरून येईनासे झाले, पृष्ठभाग चिकट लागतो, वास बदलला, किंवा धुऊनही कीस निघत नाही. मोजमापाच्या हत्यारांखालचं अस्तर लवकर बदला, पान्यांखालचं थोडं थांबलं तरी चालतं. काढलेला तुकडा अजून धड असेल तर तो जॅकखाली किंवा व्हाइसच्या जबड्यांत धरायला उपयोगी पडतो. आणि शीट घेताना लागते त्यापेक्षा अर्धा मीटर जास्तच घ्या. सहा महिन्यांनी एक ड्रॉवर खराब झाला तर त्याच जाडीचा, त्याच जातीचा माल दुकानात मिळेलच याची खात्री नसते.